थंडीचा अंदाज वेगळा, बर्फाचा अंदाज वेगळा

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेच्या ईशान्य भागातले हवामानाचे हौशी अभ्यासक येत्या हिवाळ्याचे नकाशे समोर घेऊन बसतात, आणि दर वर्षी त्यांच्या वादात एक गल्लत हमखास होते. नकाशावर न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी निळ्या रंगात दिसले की ‘यंदा बर्फ भरपूर’ असे धरले जाते, केशरी दिसले की हिवाळा कोरडा जाणार म्हणून हळहळ सुरू होते. वास्तविक तो रंग फक्त तापमानाचा असतो: निळा म्हणजे नेहमीपेक्षा थंड, केशरी म्हणजे उबदार. बर्फाविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

थंडीचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी या नव्वद दिवसांच्या सरासरी तापमानाविषयी केलेले शक्यतेचे विधान. अमेरिकेचे क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर असे अंदाज दर महिन्याला देते. त्यासाठी तीस वर्षांच्या नोंदींचे थंड, मध्यम आणि उबदार असे तीन सारखे गट पाडलेले असतात, त्यामुळे हाताशी काहीच संकेत नसेल तेव्हा प्रत्येक गटाची शक्यता 33 टक्के धरली जाते. ‘थंडीची शक्यता 40 टक्के’ याचा अर्थ पारडे थोडेसे झुकले आहे एवढाच. उरलेले 60 टक्के अजून दुसऱ्या बाजूलाच आहेत. इतके तरी सांगता येते, कारण एल निनो आणि ला निना (प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा उबदार किंवा थंड होणे), ध्रुवाभोवती स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, फिरणारा भोवरा या गोष्टी सावकाश बदलतात आणि नव्वद दिवसांच्या सरासरीत एकेका दिवसाचे चढउतार विरून जातात.

बर्फाला सरासरीचा हा आधार मिळत नाही. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यातला बहुतेक बर्फ हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या वादळांतून पडतो, आणि प्रत्येक वादळात दमट हवा, पुरेशी थंड हवा आणि वादळाचा नेमका मार्ग या तिन्ही गोष्टी काही तासांसाठी जुळून याव्या लागतात. 2015–16 चा हिवाळा त्या वेळेपर्यंतच्या नोंदींनुसार अमेरिकेच्या सलग 48 राज्यांतला (अलास्का आणि हवाई वगळून) सर्वांत उबदार हिवाळा होता. एल निनो जोरात होता, आणि ख्रिसमसच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पारा 72 अंश फॅरनहाइटवर (सुमारे 22 अंश सेल्सिअस) गेला होता. त्यानंतर महिनाभराने, 22 ते 24 जानेवारी 2016 या दिवसांत, त्याच सेंट्रल पार्कमध्ये 27.5 इंच बर्फ पडला. 1869 पासूनच्या तिथल्या नोंदींत एका वादळात इतका बर्फ कधीही पडलेला नाही. त्या पूर्ण हंगामाची बेरीज 32.8 इंच होती, म्हणजे पाचातले चार भागांहून अधिक एकट्या त्या वादळाचे. उबदार हिवाळ्याचा अंदाज खरा ठरला होता, आणि तरीही शहर बर्फाखाली गेले.

उलट उदाहरण 1977 चे. त्या वर्षीचा जानेवारी न्यूयॉर्कमध्ये आजवरच्या सर्वांत थंड जानेवारींपैकी एक होता, पण हंगामाचा बर्फ पंचवीस इंचांच्या आतच राहिला. ध्रुवीय हवा फार खाली उतरली की ती कोरडी असते, आणि तिचा दाब वादळांना किनाऱ्यापासून दूर समुद्रात ढकलतो. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून भरघोस बर्फ बहुधा शून्याच्या थोडे खालीच पडतो, हाडे गोठवणाऱ्या थंडीत नव्हे. जानेवारी 2024 मध्ये उत्तर भारताच्या मैदानांत धुक्यासह कडाका पडलेला असताना गुलमर्गचे उतार उघडेच होते, कारण बाष्प घेऊन येणारे पश्चिमी झंझावात आलेच नव्हते.

मोजताना हा फरक हाताला जाणवतो. अंगणात ठेवलेल्या पांढऱ्या फळीवर पट्टी उभी धरून मी दहा इंच भुसभुशीत बर्फ मोजला आहे आणि डब्यात वितळवल्यावर त्याचे पाणी इंचभरसुद्धा भरले नाही. पुढच्या वादळात पाचच इंच पडले, फावडे उचलवत नव्हते, आणि पाणी मात्र पहिल्यापेक्षा जास्त निघाले. म्हणजे पाण्याचा अंदाज बरोबर आला तरी इंचांचा चुकू शकतो.

वादळ उंबरठ्यावर आले तरी ही अनिश्चितता संपत नाही. 26 जानेवारी 2015 च्या रात्री न्यूयॉर्कसाठी दोन फुटांच्या आसपास बर्फाचा अंदाज होता आणि भुयारी रेल्वेसुद्धा बंद ठेवली गेली. वादळ थोडे पूर्वेला सरकले. सेंट्रल पार्कला 9.8 इंच मिळाले, तर बोस्टनमध्ये आणि लाँग आयलंडच्या पूर्व भागात दोन फूट. आदल्या दिवशी जे सांगता आले नाही, ते ऑक्टोबरमध्ये इंचांसकट रंगवणाऱ्या नकाशांवर मी मुळीच विश्वास ठेवत नाही. सरकारी हंगामी अंदाजात एकूण हिमवृष्टीचा आकडा दिला जात नाही, आणि ते योग्यच आहे.

मग थंडी आणि बर्फाचा काही संबंधच नाही का? आहे, पण तो जागेनुसार बदलतो, आणि वाद घालताना हेच सर्वांत आधी विसरले जाते. वॉशिंग्टनचा हिवाळा सरासरी 4 अंश सेल्सिअसच्या घरात असतो. तिथे वादळे पुरेशी येतात, अडते ते थंडीपाशी, त्यामुळे निळा नकाशा तिथल्या बर्फप्रेमींना थोडी आशा देऊ शकतो. व्हर्मॉन्टमधल्या बर्लिंग्टनला सरासरी शून्याच्या बरीच खाली असते. तिथे आणखी दोन अंश थंडी वाढून विशेष फरक पडत नाही, सगळी भिस्त वादळांवर. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी हे वॉशिंग्टन आणि बर्लिंग्टन यांच्या मध्ये, पाऊस आणि बर्फ यांच्या सीमारेषेवरच येतात, म्हणून इथला वाद सर्वांत जास्त रंगतो.