एका टाकीत तीन तऱ्हेचं पाणी: वसई-विरारच्या नळाची पार्श्वभूमी

वसईच्या पट्ट्यात पाण्याची प्रतवारी आधी जिभेवर आणि चुलीवर व्हायची. गोडं, मचूळ आणि खारं अशा तीन जाती. डाळ वेळेत शिजली, साबणाला फेस आला की पाणी गोडं. डाळ टणक राहिली की मचूळ, आणि ते फक्त धुण्याभांड्याला. एकाच वाडीत दोन विहिरींची चव वेगळी असायची आणि कुठल्या विहिरीचा हंडा देवघरात जायचा हे घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक असायचं. पावसाळ्यात गढूळ आलं तर तुरटी फिरवायची किंवा निवळीचं बी उगाळायचं, आणि वर दुहेरी फडकं बांधून गाळायचं. शेतीसाठी बावखलं, म्हणजे वाडीतली खोदलेली तळी, होती. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, मुरायचं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड्या ठेवायचं.

त्या गोडेपणामागे एक नाजूक हिशेब होता. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि समुद्राचं खारं पाणी त्याच्या खाली असतं. वरच्या गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचं खारं साधारण चाळीस फूट वर सरकू शकतं. रहाट होता तोवर उपसा बैलाच्या चालीने व्हायचा. मग तेलावरची इंजिनं आली, मग विजेचे पंप, आणि १९८०च्या दशकात टँकर. मुंबईत परवडेनाशी झालेली घरं लोकल गाड्यांच्या मार्गावर उत्तरेला सरकली आणि नालासोपारा, विरार, वसई रोड या स्थानकांभोवती इमारती उठल्या. नळ मागे राहिले. वाड्यांमधल्या विहिरींचं पाणी टँकरमधून इमारतींना जाऊ लागलं, तेव्हा हरित पट्ट्यातली माणसं रस्त्यावर उतरली. त्या आंदोलनाची आठवण आज बहुधा झाडं आणि बांधकामं यांच्यापुरती निघते. मुळात तो पाण्याच्या चवीचाही लढा होता, कारण ज्यांच्या विहिरी बिघडत होत्या त्यांना ते आधी जिभेवर कळलं.

जुलै २००९मध्ये चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी मासवणला उचलून, धुकटनला शुद्ध करून शहरात येऊ लागलं. आधी दिवसाला १०० आणि मग आणखी १०० दशलक्ष लिटर. उसगाव, पेल्हार आणि पापडखिंड ही जवळची लहान धरणं मिळून त्यात ३१ची भर. २०२३च्या अखेरीस कवडासहून येणाऱ्या नव्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरारच्या १८५ दशलक्ष लिटरच्या वाट्याचं पाणी सुरू झालं. मुळात सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचं पाणी शहरांकडे वळवण्याला डहाणू, पालघर आणि विक्रमगडच्या शेतकऱ्यांनी केलेला विरोध हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे.

धरणाचं पाणी आलं म्हणून टँकर बंद झाले नाहीत. नळ ठरावीक वेळेला येतो आणि उरलेली गरज बोअरवेल भागवते किंवा टँकर. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत ही तिन्ही पाणी एकत्र पडतात, तिथून मोटारीने गच्चीवर चढतात आणि सगळ्यांच्या घरात एकाच नळातून उतरतात. सकाळी नळ सुटला की धरणाचं प्रमाण जास्त, मे महिन्यात टँकरचं. रहिवासी त्याला सरसकट ‘पालिकेचं पाणी’ म्हणतात. पुढचा सगळा गोंधळ समजून घ्यायचा तर ही टाकी डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

गोंधळ टीडीएस या तीन अक्षरांचा आहे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, लिटरला इतके मिलिग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. हातात मावणारा मीटर क्षार मोजतसुद्धा नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते ते तो पाहतो आणि त्यावरून आकडा काढतो. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराला खेटून गेलेल्या, फुटक्या वाहिनीतून आलेलं धरणाचं पाणी त्यावर सहज १५० दाखवेल आणि तेच पाणी प्यायल्यावर घरात काविळीचा रुग्ण निघू शकेल. उलट ६०० दाखवणारं विहिरीचं स्वच्छ पाणी चवीला जड लागेल, पण त्याने कुणी आजारी पडेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएससाठी आरोग्याच्या आधारावर मर्यादाच घातलेली नाही. ६०० पर्यंत चव चांगली आणि १००० नंतर पिववत नाही, इतकंच ती सांगते.

तरीही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घराघरात ‘पाणी चांगलं की वाईट’ याचं उत्तर हा आकडा झाला. १९८०च्या दशकातली घरगुती यंत्रं अतिनील किरणांनी जंतू मारायची आणि त्यांच्या विक्रीत कावीळ, टायफॉइड, जुलाब यांची भीती होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने पाणी ढकलून क्षार वेगळे काढणारी, यंत्रं घरात शिरली आणि भीतीचा विषय क्षारांकडे वळला. विक्रेता दोन ग्लास भरायचा, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात यंत्राचं, आणि विजेवर चालणाऱ्या दांड्या बुडवायचा. नळाचं पाणी क्षणात तपकिरी व्हायचं, गाळ तरंगायचा. तो गाळ त्या लोखंडी दांड्यांचाच झिजून सुटलेला होता. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज जवळपास जात नाही, म्हणून दुसरा ग्लास नितळ राहायचा. हा प्रयोग पाहून कर्ज काढून यंत्र घेतलेली कुटुंबं या शहरात आहेत, आणि त्यांची फसवणूक झाली असं स्पष्ट म्हणायला हवं.

वादग्रस्त निर्णय आला तो २० मे २०१९ला. पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या लवादाने केंद्रीय मंत्रालयाला सांगितलं की जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओ वापरायला बंदी घाला, आणि जिथे परवानगी असेल तिथे यंत्राने आत घेतलेल्यापैकी किमान ६० टक्के पाणी शुद्ध करून दिलं पाहिजे, पुढे ७५ टक्के. कारण साधं होतं. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना तीनेक लिटर मोरीत सोडतं. ज्या शहरात पाणी टँकरने विकत घेतलं जातं तिथे ही उधळपट्टी डोळ्यांत भरते. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१९मध्ये न्यायालयाने स्थगिती दिली नाही, म्हणणं सरकारपुढे मांडा असं सांगितलं. फेब्रुवारी २०२०मध्ये मसुदा आला आणि नियम निघायला २०२३चा नोव्हेंबर उजाडला.

हे ५०० आलं कुठून? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, पहिल्यांदा १९८३मध्ये निघालं, मग १९९१ आणि २०१२मध्ये सुधारलं गेलं. त्यात टीडीएसचे दोन आकडे आहेत. ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेण्याची मुभा. म्हणजे ५०० ही सुरक्षित आणि घातक यांच्यामधली भिंत कधीच नव्हती. ‘दुसरा स्रोत नसेल तर’ ही अट वादात गळून पडली आणि सुटा आकडा उरला. शिवाय बाटलीबंद पाण्याला २००१मध्ये प्रमाणपत्र सक्तीचं झालं, पण नळाच्या पाण्याला हे मानक ऐच्छिकच राहिलं. त्याच नोव्हेंबर २०१९मध्ये मोठ्या शहरांच्या नळाचे नमुने या मानकावर तपासले गेले. मुंबईचे दहाच्या दहा उतरले, दिल्लीचे अकराच्या अकरा नापास झाले. आपल्याकडे त्या बातमीने समाधान पसरलं, पण तपासलेले नळ मुंबईचे होते. विरारचा माणूस कामाला मुंबईत जातो, पाणी मात्र वेगळं पितो.

लवादाचा हेतू मला पटतो, पण त्याच्या आदेशात एक घर म्हणजे एक पाणी असं गृहीत होतं. आमच्या टाकीला ते लागू होत नाही. धरणाचं पाणी ५०० च्या पुष्कळ खाली असतं, तिथे आरओ खरोखरच निरुपयोगी आहे. खाडीलगतच्या बोअरचं पाणी हजाराच्या वर जाऊ शकतं, तिथे त्याच्यावाचून गत्यंतर नाही. एकाच नळाला जुलैत बंदी आणि मेमध्ये परवानगी कशी देणार? आदेशावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी नळाच्या तोंडाशी येऊन हे पाहायला हवं होतं.

या सगळ्यात जंतू मारणारा क्लोरीन मागे पडला. ग्रामपंचायतींच्या काळात विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकायची आणि मग ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब घालून पाणी पिवळं होतं का पाहायचं, ही रीत होती. पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे. मानकाप्रमाणे नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. धुकटनहून निघालेला क्लोरीन वाटेत खर्च होतो, उरलेला टाकीतल्या गाळावर जातो, आणि टँकरच्या पाण्यात तो असेलच असं नाही. नळ बंद असताना वाहिनी रिकामी होते. कुणी थेट नळाला मोटार लावली की वाहिनीत ओढ तयार होते आणि शेजारच्या गटाराचं पाणी सांध्यांतून आत येतं. नळ सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी पिण्यासाठी भरू नये, या घरोघरच्या सांगण्यामागे हेच कारण आहे. आरओ यंत्र तर उरलासुरला क्लोरीनही काढून टाकतं, त्यामुळे त्याच्या पोटातल्या साठवणीत पाणी दोन दिवस राहिलं की जंतूंना मोकळं रान मिळतं. गावाहून परतल्यावर ते आधी ओतून द्यावं.

सोसायटीच्या टाकीच्या पुढची जबाबदारी सोसायटीची असते. टाकी धुतल्याची तारीख बाहेर रंगवून ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्या तारखेशेजारी टँकर कधी आला, कुठल्या विहिरीचा होता आणि त्या दिवशी ओटी पिवळी झाली का, ही नोंद मात्र सहसा सापडत नाही.