शब्द झाले, पुढे काय?

विज्ञान लोकांपर्यंत कसं न्यावं, याच्या कार्यशाळा आता ठिकठिकाणी भरतात. मराठीत हा खटाटोप फार जुना आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढलं आणि त्यातून भूगोल, विज्ञान मराठीत सांगायला सुरुवात केली. शब्द घडवत घडवतच लिहायचं, असे ते दिवस. पुण्याचं ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासूनचं, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. दरम्यान १९६० साली राज्य सरकारचं भाषा संचालनालय स्थापन झालं, पुढे शास्त्रीय शब्दांना मराठी प्रतिशब्द देणारे परिभाषा कोश आले.

शब्दांची सोय झाली, पण इंग्रजी शब्दाच्या जागी संस्कृत शब्द आला म्हणून पोराला तो कळतोच असं नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७४ पासून व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली जे काम केलं, त्याचं मोल मला इथे वाटतं. जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांपासून मुंबईतल्या महापालिका शाळांपर्यंत ही मंडळी पोचली. पाठ्यपुस्तकाची भाषाच मुलांना आडवी येते, हे त्यांनी ओळखलं आणि ती सोपी करून पाहिली.

‘पृष्ठताण’ हाच शब्द घ्या, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो तो गुण. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देवळांपुढे रांगा लागल्या, तेव्हा हा शब्द नुसता उच्चारून कोणाचं समाधान झालं असतं? काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकला की दूध कडेवरून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ ओघळाने खाली उतरतं. ओल्या दगडावर तो ओघळ दिसत नाही. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, आणि तो दिसला.

जयंत नारळीकरांनी गोष्टीचा रस्ता धरला. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपलीच आद्याक्षरं उलटी फिरवलेली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं ते कथेला, नावाला नव्हे. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी तिची दखल घेतली. विज्ञानकथेला साहित्याच्या पंगतीत पान मांडलं गेलं ते तिथे, असं मी मानतो. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष नारळीकरच होते.

मला मात्र त्यांची पोस्टकार्डं जास्त मोलाची वाटतात. व्याख्यानानंतर मुलं सहीसाठी वह्या पुढे करत. ते वहीवर सही देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, असं सांगत. उत्तर त्यांच्याकडून येई, आणि उत्तराखाली सही.