रोझमेरी, केसांच्या आधीची

सध्या जिकडे बघावं तिकडे रोझमेरी वॉटर, पोरी पातेल्यात काड्या उकळून स्प्रेच्या बाटलीत भरतायत, त्यामुळे बऱ्याच जणांना हे झाड म्हणजे केसांचं काहीतरी एवढंच माहितीये. मुळात हे भूमध्य समुद्राकाठचं झुडूप, खडकाळ कोरड्या जमिनीत वाढणारं, पानं सुईसारखी, आणि आपल्या तुळस-पुदिन्याच्याच कुळातलं. लॅटिनमधे रोस मरीनस म्हणजे समुद्राचं दव, नाव तिथून आलं.

जुन्या काळी याला देवाधर्मात मान होता. रोमन लोक घरातल्या छोट्या देवांना याच्या माळा घालायचे, होरेसच्या कवितेत तसं आलंय. ग्रीक भाषेत तर आजही याला देंद्रोलिवानो म्हणतात, म्हणजे सरळ धुपाचं झाडच!

मग आठवणीचं प्रकरण. इंग्लंडच्या हेन्री आठव्या राजाची चौथी बायको अ‍ॅन ऑफ क्लीव्हज १५४० साली लग्नाला उभी राहिली तेव्हा तिच्या मुकुटात रोझमेरी खोवलेली होती, आणि त्याच इंग्लंडात लोक मयताला जाताना पण हीच फांदी हातात घेऊन जायचे आणि कबरीत टाकायचे. लग्नात काय आणि मयतीत काय, सांगणं एकच, विसरू नकोस. (आपल्याकडे तुळशीचं लग्न पण लागतं आणि शेवटी तोंडात तुळशीपत्र पण ठेवतात, त्यामुळे मला काही नवल वाटलं नाही.) ऑस्ट्रेलियात २५ एप्रिलला अँझॅक डेला, म्हणजे सैनिकांच्या स्मरणदिनाला, लोक अजून कोटावर रोझमेरीची काडी लावतात, कारण पहिल्या महायुद्धात १९१५ ला त्यांचे सैनिक जिथे उतरले त्या तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत ही रानात उगवते.

खाण्यात इटलीवाले पुढे. मटण-बटाटे भाजताना तर घालतातच, पण फ्लॉरेन्सला ईस्टरच्या आधी मनुका आणि रोझमेरीचे गोड पाव करतात, पान दी रामेरीनो. यातलं कार्नोसिक अ‍ॅसिड तेल खवट होऊ देत नाही, म्हणून युरोपात याचा अर्क पॅकबंद खाण्यात ई ३९२ नावाने घालतात.

औषध-सौंदर्याचं खूळ पण नवं नाही. रोझमेरी दारूत उतरवून केलेलं हंगेरी वॉटर युरोपात कित्येक शतकं चाललं, म्हातारी राणी त्याने तरुण झाली वगैरे कथा त्यासोबत फिरायची, मला तर ती त्या काळची जाहिरातच वाटते. आता केसांसाठी सगळे दाखला देतात तो २०१५ च्या एका अभ्यासाचा, १०० माणसं, ६ महिने, २ टक्के मिनॉक्सिडिल या केसगळतीच्या औषधाशी तुलना, आणि दोन्हींचा परिणाम साधारण सारखाच आला. पण तिथे लावलं होतं ते रोझमेरीचं तेल, पातेल्यात उकळलेलं पाणी नाही.