वकिलातीचं छोटं अनुदान: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका अडतो कुठे

चांगलं काम करणाऱ्या संस्थेचा अर्ज वकिलातीकडून नामंजूर होऊन येतो, तेव्हा मी आधी अंदाजपत्रक उघडते. दोष कामात क्वचितच असतो. ज्या खर्चाला पैसे मिळतच नाहीत तोच खर्च मागितलेला असतो आणि अर्ज मागवणाऱ्या सूचनेत तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं. म्हणून पात्रतेच्याही आधी या अनुदानांचा स्वभाव समजून घेऊ.

अनेक देशांच्या वकिलाती आणि उच्चायुक्तालयं आपापल्या सरकारच्या निधीतून स्थानिक संस्थांना लहान रकमा देतात. ऑस्ट्रेलियाच्या योजनेचं नाव डायरेक्ट एड प्रोग्रॅम, कॅनडाच्या योजनेचं कॅनडा फंड फॉर लोकल इनिशिएटिव्ह्ज. जपानने १९८९ मध्ये अशी योजना सुरू केली. आज ती ग्रासरूट्स ह्युमन सिक्युरिटी प्रोजेक्ट्स या नावाने चालते. रकमेचा अंदाज यावा म्हणून सांगते: ऑस्ट्रेलियाच्या योजनेत एका प्रकल्पाला कमाल ६०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि कॅनडाच्या योजनेत कमाल १,००,००० कॅनेडियन डॉलर मिळू शकतात. प्रत्यक्षात मंजूर होणाऱ्या रकमा बऱ्याचदा याहून कमी असतात आणि एखादी वकिलात आपल्यापुरती मर्यादा आणखी खाली ठेवू शकते. तेव्हा आकडा त्या वर्षीच्या, त्या वकिलातीच्या सूचनेतूनच घ्यायचा.

हा पैसा संस्था चालवण्यासाठी नसतो. तो एका ठरावीक, मुदतीत पूर्ण होणाऱ्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या कामासाठी असतो. पुढचे बहुतेक नियम यातूनच आले आहेत.

अर्ज कोणी करायचा

ना-नफा तत्त्वावर काम करणाऱ्या स्थानिक संस्था सगळीकडे चालतात. त्यापुढे मात्र योजनेगणिक फरक पडतो. जपानच्या योजनेत शाळा, दवाखाने आणि स्थानिक स्वराज्य संस्थाही अर्ज करू शकतात. एकट्या व्यक्तीला आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला करता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या योजनेत समाजोपयोगी काम ना-नफा करणाऱ्या व्यक्तीलाही दार उघडं आहे. कॅनडा स्थानिक शिक्षणसंस्था आणि सरकारी संस्थांचाही विचार करतो, पण भर स्थानिक बिगरसरकारी संस्थांवर असतो.

एक गोष्ट अर्ज लिहायला बसण्याआधीच तपासा. काही देशांत परदेशातून पैसे स्वीकारायला वेगळी सरकारी नोंदणी किंवा परवानगी लागते, कधी ठरावीक बँकेतलं खातंही लागतं. ती नसेल तर मंजूर झालेली रक्कमसुद्धा हातात येणार नाही, आणि ती मिळवण्यात जाणारा वेळ वकिलातीच्या मुदतीत बसत नाही.

कशाला पैसे मिळत नाहीत

अर्ज इथेच अडतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. संस्थेचे नेहमीचे पगार, कार्यालयाचं भाडं, वीजबिल असा दरमहा येणारा खर्च जपान आणि ऑस्ट्रेलियाच्या योजनांत धरत नाहीत. कॅनडाची योजना प्रकल्पाशी थेट जोडलेला प्रशासकीय खर्च मान्य करते, पण संस्थेच्या कायमस्वरूपी खर्चाचा भार उचलत नाही. सूक्ष्म कर्जवाटपाला ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा दोन्हीकडे नकार आहे. धार्मिक प्रचार आणि राजकीय पक्षाचं काम तर सोडूनच द्या.

आणि करारावर सही होण्याआधी केलेला खर्च मिळत नाही. मंजुरीचा फोन आला म्हणून उत्साहात यंत्राची ऑर्डर देणारे लोक मी पाहिले आहेत. ते पैसे त्यांना स्वतःच भरावे लागले. सही, मग खरेदी. हा क्रम कोणी कितीही घाई केली तरी मोडू नका.

यावरून पुढचा प्रश्न येतो: पगार आणि वीजबिल वकिलात देणार नसेल तर, समजा अनुदानातून गावात पंप बसवला, तो पुढे चालवणार कोण? या प्रश्नाचं उत्तर अर्जात लागतंच. ‘गावकरी देखभाल करतील’ एवढं पुरत नाही. कोणती समिती, दर घरामागे किती वर्गणी, दुरुस्ती कोण करणार, हे लिहा आणि जमल्यास समितीचा सह्यांसकट ठराव जोडा. माझ्या मते अर्जातला सर्वांत मोलाचा कागद हाच.

कागदपत्रं

नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, कार्यकारिणीची यादी, मागील दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, बँक खात्याचा तपशील, आधी केलेल्या कामाचा अहवाल. ही फाइल कायम तयार ठेवावी. बांधकाम असेल तर जागेची मालकी किंवा वापराची लेखी परवानगी, नकाशा आणि आराखडा लागतो. खरेदी असेल तर कोटेशन. जपानच्या योजनेत साधारणपणे तीन वेगवेगळ्या पुरवठादारांची मागतात. तिन्हींत वस्तूचं वर्णन आणि नग एकच असू द्या, नाहीतर तुलनाच होत नाही. मुलांसोबत काम असेल तर बालसंरक्षणाचं धोरण विचारलं जातं; नसेल तर अर्जापुरतं उतरवून काढू नका, सभेत चर्चा करून खरोखर स्वीकारा. कॅनडाच्या अर्जात, प्रकल्प आखताना स्त्रियांशी किंवा मुलींशी बोललात का, हेही विचारतात. त्यांच्यासोबतच्या बैठकीची तारीख आणि त्यांच्या सांगण्यावरून आराखड्यात काय बदललं, ते लिहा.

अंदाजपत्रकात ‘प्रशिक्षण, एकरकमी’ अशी ओळ दिसली की तपासणारा थांबतो. त्याऐवजी ३० जण, २ दिवस, माणशी जेवणाचा दर, प्रशिक्षकाचं मानधन, सभागृहाचं भाडं असं मोडून दाखवा. ‘जनजागृती करणे’ ऐवजी ‘४ गावांत १२ बैठका’. संस्था स्वतः काय घालणार आहे तेही मांडा: श्रमदान, जागा, स्वयंसेवकांचा वेळ.

वेळ आणि भाषा

अर्ज बारा महिने घेतले जातातच असं नाही. वकिलात सूचना काढते, मुदत बऱ्याचदा काही आठवड्यांचीच असते. देणाऱ्या देशाचं आर्थिक वर्ष माहीत असलं तर पुढचं ओळखता येतं. जपान आणि कॅनडाचं वर्ष एप्रिल ते मार्च, ऑस्ट्रेलियाचं जुलै ते जून. कॅनडाच्या एका वर्षाच्या प्रकल्पाचं काम मार्चअखेरीच्या आतच संपवावं लागतं. निवड आणि करारात काही महिने गेल्यावर हातात उरतो तो वेळ कमीच असतो. पावसाळ्यात बांधकाम धरलं असेल तर तिथेच गणित चुकतं. अर्ज कोणत्या भाषेत हवा ते सूचनेत असतं. कॅनडाला इंग्रजी किंवा फ्रेंच चालते.

निवडीच्या टप्प्यावर अधिकारी जागा बघायला येऊ शकतात. तेव्हा अर्ज लिहिणारी व्यक्ती आणि ज्यांच्यासाठी काम आहे ते लोक, दोघेही हजर असू द्या. या अर्जांना शुल्क नसतं. मंजुरी मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तो वकिलातीचा माणूस नव्हे.

निवड झाली की करार होतो आणि रक्कम एकदम किंवा हप्त्यांनी खात्यात येते. या पैशासाठी स्वतंत्र खातं ठेवा, वकिलातीने सांगितलं नसलं तरी. अंदाजपत्रकातल्या मंजूर ओळीबाहेर खर्च करायची वेळ आली, अगदी एका टाकीऐवजी दोन लहान टाक्या घ्यायच्या असल्या, तरी आधी लेखी परवानगी घ्या. प्रत्येक पावतीची प्रत त्याच दिवशी काढा, काम सुरू होण्याआधीचे आणि नंतरचे फोटो एकाच जागेवरून काढा, आणि अंतिम अहवालाची तारीख करारावर सही करतानाच पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत लिहून टाका. अहवाल थकला तर शेवटचा हप्ता अडतो आणि त्याच वकिलातीकडे पुढचा अर्ज करणं अवघड होतं.