अतिखाण्याचे मानसशास्त्र : एका प्रश्नाची पार्श्वभूमी

मराठीत भूक ‘लागते’ आणि खा-खा ‘सुटते’. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे बोलीला केव्हाचे ठाऊक आहे. पोटाला गरज नसतानाही माणूस का खात सुटतो, हाच येथला प्रश्न आहे. मानसशास्त्राला मात्र हा भेद प्रयोगात पकडायला विसावे शतक बरेचसे खर्ची घालावे लागले. त्याआधी अधाशीपणा हा चारित्र्याचा दोष मानला जाई. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिला यांनी मांडलेल्या प्रमुख पापांच्या यादीत खादाडपणा होता, आणि जास्त खाणाऱ्याकडे पाहण्याची नजर पुढेही फारशी बदलली नाही.

शरीरशास्त्राने १९१२ मध्ये भूक पोटात शोधली. वॉल्टर कॅनन यांचे सहकारी वॉशबर्न यांनी नळीला जोडलेला फुगा गिळून जठराचे आकुंचन आणि भुकेची कळ यांची वेळ जुळते, हे दाखवले. परंतु जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते, हे लक्षात आल्यावर ते उत्तर अपुरे पडले. पुढे मनोविकारतज्ज्ञ हिल्डे ब्रुक यांनी प्रश्न बालपणाकडे नेला. मूल कोणत्याही कारणाने रडले तरी त्याच्या तोंडात घास भरवला गेला, तर मोठेपणी त्याला भूक आणि अस्वस्थता यांतला फरक कळेनासा होतो, अशी त्यांची मांडणी होती. ती मर्मग्राही होती, पण तिने दोषाचे ओझे व्यक्तीवरून उचलून बहुधा आईच्या डोक्यावर ठेवले, हेही नोंदवले पाहिजे.

खरे वळण आले ते उपासमारीच्या अभ्यासातून. दुसरे महायुद्ध संपत आले असताना अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे नेहमीच्या जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले. या तरुणांना अन्नाशिवाय दुसरे काही सुचेनासे झाले. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. आहार पूर्ववत झाल्यावर त्यांच्यातील काही जण पोट तुडुंब भरेपर्यंत खात, तरीही भूक शमली नसल्याचे सांगत. हे तरुण मुळात हावरट नव्हते. ती वखवख उपासमारीने निर्माण केली होती.

तरीही ‘कोण जास्त खातो’ हाच प्रश्न पुढची काही वर्षे विचारला जात राहिला. स्टॅन्ली शॅक्टर आणि लॅरी ग्रॉस यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. सहभागींना आधी मनगटावरचे घड्याळ काढायला लावले, आणि खोलीतील भिंतीवरच्या घड्याळात फेरफार करून ठेवला. प्रत्यक्षात साडेपाच वाजून गेले असताना काहींना ५.२० दिसत होते, तर काहींना ६.०५, म्हणजे जेवणाची वेळ. समोर बिस्किटांचा खोका होता. लठ्ठ सहभागींनी सहा वाजल्याचे दिसताच जवळजवळ दुप्पट बिस्किटे खाल्ली. सडपातळ सहभागींनी उलट हात आखडता घेतला, कारण आता खाल्ले तर जेवणाची भूक मरेल, असे त्यांना वाटले. लठ्ठ माणूस पोटाऐवजी बाहेरच्या खुणांचे ऐकतो, असा निष्कर्ष शॅक्टर यांनी काढला. माझ्या मते या प्रयोगातले अधिक बोलके पात्र सडपातळ माणूस आहे, कारण घड्याळाचे त्यानेही ऐकलेच, फक्त अर्थ वेगळा लावला. बाह्य खुणांना प्रतिसाद देणारी माणसे सर्वच वजनांत आढळतात, हे ज्युडिथ रोडिन यांनी १९८१ पर्यंत दाखवून दिले आणि मूळ सिद्धांत ढिला पडला.

दरम्यान १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा मिल्कशेकचा प्रयोग आला होता. चवीची चाचणी आहे असे सांगून काही सहभागींना आधी मिल्कशेक पाजला, काहींना दिला नाही, आणि मग सर्वांपुढे आइस्क्रीम ठेवून हवे तेवढे खाण्याची मुभा दिली. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, जे स्वाभाविक आहे. सतत डाएटचे भान ठेवणाऱ्यांनी मात्र जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आजचा दिवस गेला, उद्यापासून पाहू, हा विचार पोटातल्या भरलेपणावर मात करून गेला. कीज यांच्या तरुणांवरचे बंधन बाहेरून लादलेले होते. येथे ते माणसाने स्वतःच घालून घेतलेले होते.

स्मृतीचा वाटा त्यानंतर उजेडात आला. १९९८ मध्ये पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी तीव्र स्मृतिभ्रंशाच्या दोन रुग्णांना जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आतच पुन्हा ताट दिले. त्यांनी ते खाल्ले, आणि तिसऱ्यांदा दिल्यावरही बहुधा खायला सुरुवात केली. शरीरातील चरबीच्या साठ्याची खबर मेंदूला देणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक १९९४ मध्ये सापडले होते, त्यामुळे तृप्तीची रासायनिक बाजूही एव्हाना खुली झाली होती.

याच क्षेत्राने एक ठेचही खाल्ली आहे. ताट-वाट्यांच्या आकाराचा खाण्यावर होणारा परिणाम सांगून प्रसिद्धी पावलेले ब्रायन वॅन्सिंक यांचे सहा शोधनिबंध २०१८ मध्ये एकाच वेळी मागे घेतले गेले, आणि त्यांच्या विद्यापीठाने संशोधनातील गैरवर्तनाचा ठपका ठेवला. लहान ताट घ्या, कमी खाल, हा सल्ला तरीही आहारविषयक लेखांत आजवर टिकून आहे.