लघुउद्योजकाची नादारी आणि सरकारी खर्चाने वकील : पार्श्वभूमी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ मशीनवर जॉबवर्क करणाऱ्या मालकाचे हप्ते थकले, की बँकेकडून सरफेसी कायद्याच्या (तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या कायद्याच्या) कलम १३(२) खालील नोटीस येते आणि ६० दिवसांत सगळी बाकी भरण्यास सांगते. तिला उत्तर देण्यासाठी वकील लागतो. वकिलाची फी देण्याची ऐपत मात्र नेमकी याच दिवसांत संपलेली असते.

कर्ज फेडणे अशक्य झालेल्याला न्यायालयाकडून नादार, म्हणजे दिवाळखोर, जाहीर करून घेता यावे म्हणून मुंबई शहरातील कर्जदारासाठी १९०९ चा, तर ठाण्यासह इतर भागांसाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा झाला. किमान ५०० रुपयांचे कर्ज असलेल्याला नादारीचा अर्ज करता येईल, ही त्यातील अट त्या काळाची किंमत सांगते. कंपनी न काढता स्वतःच्या नावावर किंवा भागीदारीत धंदा करणारा आजही याच जुन्या कायद्यांच्या कक्षेत आहे, कारण २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्ती आणि भागीदारी संस्थांविषयीचा भाग, कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांचा अपवाद वगळता, लागूच झालेला नाही. आजारी उद्योगांसाठीच्या १९८५ च्या कायद्यानेही लघुउद्योगांना बाहेरच ठेवले होते. २०२१ मध्ये सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी पूर्वनियोजित तडजोडीची (देणेकऱ्यांशी आधीच योजना ठरवून मग ती मंजूर करून घेण्याची) सोपी पद्धत आली खरी. पण ती कंपन्या आणि मर्यादित दायित्व भागीदारी संस्थांपुरतीच.

विधी साहाय्याचा, म्हणजे सरकारी खर्चाने वकील देण्याचा, प्रवाह स्वतंत्रपणे वाहत आला. मुंबई सरकारने १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आले आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १२ मध्ये महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यामुळे एकाच गाळ्यातील कामगार पात्र ठरतो, मालकीणही ठरते; खुल्या प्रवर्गातील पुरुष मालकाला मात्र वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आडवी येते.

माझ्या मते खरी अडचण या मोजपट्टीत आहे. ती वर्षभराचे उत्पन्न पाहते, डोक्यावरचे कर्ज पाहत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाने बिल अडवले म्हणून बुडालेल्या कारखानदाराच्या हाती गेल्या वर्षीचे विवरणपत्र असते, आणि त्यात अजून चांगले वर्ष दिसत असते.