मिठाची बरणी आणि घड्याळाचा पट्टा

आषाढात रत्नागिरीकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात जा, मिठाच्या बरणीला पाणी सुटलेलं असतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या खारात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरतं. त्यामुळे किनाऱ्यावर ज्याला खारा वारा लागला, ते पुरतं वाळतच नाही. भारी घड्याळाला पट्टा निवडताना ही बरणी आठवावी.

आमच्या मामांनी निवृत्तीनंतर हौसेनं स्विस घड्याळ घेतलं, मगरीच्या चामड्याच्या पट्ट्याचं. पावसाळाभर ते कपाटात होतं. गणपतीत बाहेर काढलं तर पट्ट्यावर पांढरी बुरशी! घड्याळ मात्र ठणठणीत. तबकडीवर लिहिलेले ‘१०० मीटर’, म्हणजे पाणी न शिरण्याची हमी, घड्याळाच्या डबीपुरते असतात, पट्ट्याला त्याचं सोयरसुतक नसतं. चामडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू. ते कमावलं तरी दमट हवेत पाणी पितंच, आणि मुरलेला घाम नि तेल ही बुरशीची मेजवानी.

मग स्टीलची साखळी घ्यावी? ३१६एल जातीच्या स्टीलमध्ये १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा गंज रोखणारा, काही नॅनोमीटर जाडीचा थर पृष्ठभागावर बसतो. ओरखडा गेला तर तो आपोआप पुन्हा धरतो, पण त्याला ऑक्सिजन हवा. खरी गोम इथेच आहे. कड्यांच्या सांध्यात आणि पट्टा डबीला जोडणाऱ्या स्प्रिंगच्या पिनेपाशी घाम, मळ आणि खार अडकतो. आतला ऑक्सिजन संपतो, नवा पोचत नाही. क्लोराइड साचत जातं, ओल आम्लधर्मी होते आणि थर फुटला की धातू आतून पोखरतो. वरून साखळी लखलखीत, आत पीन कुरतडलेली. हजारोंचं, लाखोंचं घड्याळ अखेर त्या काडीएवढ्या पिनेवर लटकलेलं असतं. टायटॅनियम याबाबतीत फार उजवं, शिवाय स्टीलच्या जवळपास निम्म्या वजनाचं. फक्त चरे लवकर पडतात.

बक्कलाचंही तेच. घडीचं बक्कल फ्रान्सच्या कार्तिए कंपनीनं १९१० च्या सुमारास आणलं. त्यामुळे चामडं रोज त्याच भोकापाशी मुडपत नाही, पट्टा जास्त टिकतो. पण बिजागऱ्या वाढल्या की खार लपायच्या जागाही वाढल्या. माझं मत विचाराल तर किनाऱ्यावर साधं काटेवालं बक्कल बरं. सोनेरी मुलाम्याखाली पितळ असेल तर मुलामा उडाल्यावर घामानं ते कळकतं आणि मनगटावर हिरवा डाग उमटतो.

पावसाळ्यासाठी फ्लोरोइलॅस्टोमर रबर उत्तम. त्यातले कार्बन-फ्लोरिनचे बंध इतके पक्के की घाम, तेल यांची मात्रा चालत नाही. नायलॉनचा सलग पट्टाही चालेल. ब्रिटिश संरक्षण खात्यानं १९७३ साली मानक ठरवलं तो हाच प्रकार. दोन्ही पिनांखालून जात असल्यानं एक पीन तुटली तरी घड्याळ हातातच राहतं. वीण मात्र गोड्या पाण्यात खळखळून धुवावी लागते.

मामा आता मृग लागला की चामड्याचा पट्टा काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. पुड्या मामीच्या नव्या पर्समधून जमवलेल्या.